मंगळवारची मंडळी

६ सप्टेंबर, बुधवार

ही वही आज घेतली. समुपदेशन केंद्राच्या खिडकीत बसणारी बाई म्हणाली, रोज थोडं लिहीत जा, बरं वाटेल. बरं वाटत नाही असं मी तिला सांगितलंच नव्हतं.

झालं ते एवढंच. गेल्या गुरुवारी रसायनाच्या प्रयोगशाळेत माझ्यासमोरचं भांडं आटून तडकलं. हॅल्व्हरसन सरांनी म्हणे मला तीन हाका मारल्या. मी ऐकल्या होत्या, ओ द्यायची राहून गेली. काच मलाच थोडी लागली, दुसऱ्या कोणाला नाही. तरी सरांनी मान तिरकी करून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. इथली माणसं मान तिरकी करून विचारायला लागली की समजावं, आपलं नाव कुठल्यातरी कागदावर चढणार. चढलं. केंद्रात सहा वेळा जाऊन आल्याची नोंद दाखवली तरच प्रयोगशाळेत परत घेणार आहेत.

एकटीनं भेटायचं तर दीड महिना थांबायचं. नाहीतर मंगळवारी संध्याकाळी कॉलेजातल्या काळ्या मुलींसाठी एक नवा गट सुरू होतोय, त्यात लगेच जागा आहे. का नसणार? या अख्ख्या गावात आम्ही आहोत किती! गटात काय करतात, मी विचारलं. बोलतात, ती म्हणाली.

यंदा दोघींची खोली मी एकटीच वापरते. देजाची खाट आहे तशीच आहे, नुसती गादी. देजाबद्दल इथे काही लिहायचं नाही असं ठरवून वही आणली होती, तर पहिल्याच पानावर येऊन बसली.

मग एकदाच लिहून मोकळी होते. देजा क्रेनशॉ आणि मी मिसिसिपीत डेल्टातल्या एकाच गल्लीतल्या. पहिलीपासून एका बाकावर. दोघींच्या आया माशांच्या कारखान्यात थंड पाण्यात शेजारी शेजारी उभ्या राहून मासे सोलतात. आयोवातल्या या कॉलेजचं पत्र दोघींना एकाच आठवड्यात आलं आणि आम्ही एकाच बसनं आलो. दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं होतं. मार्चमध्ये एक दिवस मी प्रयोगशाळेतून खोलीवर आले तर तिचं कपाट रिकामं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. सहा महिने झाले, माझा फोन उचलत नाही. अभ्यासात माझ्यापेक्षा चार पावलं पुढे होती, पण दम नव्हता तिच्यात. माझ्यात आहे.

१२ सप्टेंबर, मंगळवार

तळघरातली खोली. करडा गालिचा, गोल मांडलेल्या नऊ खुर्च्या. आलो पाच जणी. गट चालवणाऱ्या डॉक्टर रोझेटा बॅसेट पन्नाशीच्या पुढच्या, मूळच्या मेम्फिसच्या, या केंद्रात नव्यानंच आल्यात. केस पांढरे, अगदी बारीक कापलेले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आमच्या चर्चमधल्या गाण्याच्या बाईंसारखा.

केंद्राचा एक छापील कागद त्यांनी वाचायला घेतला. डोळे मिटा, तुम्ही एका शांत समुद्रकिनारी आहात, लाटा पायाशी येताहेत. तेवढ्यात शिकागोची टशीका म्हणाली, "डॉक्टर, मला पोहता येत नाही. मला एकटीला तिथे कशाला धाडताय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले असेन. डॉक्टर बॅसेट यांनी कागद पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचला, घडी करून पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, मलाही येत नाही. मग विचारलं, तुमच्या घरी संध्याकाळी बायका बसतात तेव्हा हातानं काय करत असतात? टशीका म्हणाली, मावशी पायरीवर बसून सगळ्यांच्या वेण्या घालते. विन्सम म्हणून एक न्यूयॉर्कची आहे, आईवडील जमैकाचे. ती म्हणाली, आई वाटाणे सोलते आणि सगळ्या गल्लीला नावं ठेवते. पहिल्या वर्षाच्या दोघी जोडीनं आल्या होत्या. त्यांच्याकडे म्हणे पत्ते चालतात.

माझी पाळी आली तेव्हा मी नुसती मान हलवली. आमच्या घरी संध्याकाळी मम्मा कोमट पाण्यात मीठ टाकून हात बुडवून बसते. हे काय सांगायचं?

एक झालं. पाच राहिले.

१७ सप्टेंबर, रविवार

चर्च सुटल्यावर मिस व्हर्लीनचा फोन. देजाची आई. देजा गेल्यापासून दर रविवारी न चुकता करतात. लेक बोलत नाही म्हणून आई भरपाई करते, दुसरं काय.

आधी हवापाणी, मग नेहमीचं: या आठवड्यात काय शिकवलं, बाळ? त्यांना माझ्या आनुवंशिकीच्या वर्गाचं फार कौतुक. आज मी प्रभावी आणि अप्रभावी जनुकांबद्दल सांगत होते. आईबापांपैकी एकाकडूनच अप्रभावी जनुक आलं तर ते मुलात दिसत नाही, पण असतं, आणि पुढच्या पिढीत जाऊ शकतं. "थांब, थांब, सावकाश सांग," मिस व्हर्लीन म्हणाल्या. "ते 'दिसत नाही पण असतं'च्या आधी काय म्हणालीस?" मी परत सांगितलं. मध्येच त्या गप्प झाल्या, मग विचारलं, "आणि दोघांकडून आलं तर?" चांगला प्रश्न होता. मी म्हटलं, मिस व्हर्लीन, तुम्हीच कॉलेजात यायला हवं होतं. त्या हसल्या, पण थोड्याच.

मागे कोणीतरी खोकलं. त्यांच्याकडे टीव्ही दिवसभर चालू असतो.

देजा कशी आहे, असं मी दर वेळी विचारते आणि उत्तर एकच, कामावर गेलीय. वृद्धाश्रमात लागलीय म्हणे. रविवारीसुद्धा काम. असेल.

१९ सप्टेंबर, मंगळवार

तळघर सुटलं. डॉक्टर बॅसेट यांनी गावाच्या टोकाला असलेल्या आपल्या लोकांच्या छोट्या चर्चचं स्वयंपाकघर मागून घेतलं. आम्ही गेलो तर टेबलावर कोलार्डच्या पानांचा हा एवढा ढीग. त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला काही विचारणार नाही. भाजी निवडा. बोलावंसं वाटलं तर बोला. इथलं बोलणं इथेच ठेवायचं, भाजी मात्र घरी न्यायची."

केंद्राचे प्रमुख याला काय म्हणतील, विन्समनं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, त्यांनी लेखी विचारलंय की यात उपचार कुठे आहे. मी लेखीच उत्तर दिलंय.

दीड तास पानांचे जाड दांडे ओढून काढत बसलो. हात कामात असले की तोंडाला पाय फुटतात. टशीकाचं तर बंदच होईना. तिच्या मजल्यावरच्या मुली तिला न विचारता तिच्या केसांना हात लावतात, आणि ती रागावली की म्हणतात, टशीका, तुझी किती भीती वाटते. म्हणून ती आता आधीच हसते. सकाळी खोलीतून निघतानाच हसू लावून निघते. हे सांगतानाही हसत होती.

मी सगळ्यांत जास्त पानं निवडली.

३ ऑक्टोबर, मंगळवार

आज विन्सम बोलली. इतिहासाच्या वर्गात गुलामीचं पान आलं की तीस माना तिच्याकडे वळतात. म्हणून ती एक चेहरा तयार ठेवते, त्यावर काही उमटू द्यायचं नाही. अलीकडे खोलीवर गेल्यावरही तो उतरवायचा राहून जातो. परवा आईनं व्हिडिओवर बघून विचारलं, माझी पोर कुठंय?

मग डॉक्टर बॅसेट यांनी स्वतःचं सांगितलं. डॉक्टर लोक असं सांगत नाहीत अशी माझी समजूत होती. त्यांच्या घरी त्यांना सगळे 'आमची खंबीर पोर' म्हणायचे. त्यांना ते पदकासारखं वाटायचं. चौतिसाव्या वर्षी दवाखान्यात पडल्या तेव्हा भेटायला आलेल्या बहिणीनं उशाशी बसून विचारलं, तुला काही लागतं का? आणि त्यांना उत्तरच सुचेना, कारण तो प्रश्न कोणी विचारलेलाच नव्हता. "बहीण घाबरली," त्या म्हणाल्या. "तिला वाटलं माझी वाचा गेली."

मला मात्र राग आला. खंबीर असण्यात वाईट काय आहे? मम्मा वीस वर्षं त्या थंडगार पाण्यात उभी राहिली ती काय आम्ही इथे येऊन भाजी निवडावी म्हणून?

८ ऑक्टोबर, रविवार

कानशिलाजवळचे केस जाताहेत. जबडा सकाळी दुखतो. बाकी काही नाही. परीक्षेत ब्याण्णव.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

आज मी वाईट वागले.

टशीका सांगत होती की तिला शिकागोला परत जावंसं वाटतंय, या सत्रानंतर. आई एकटी आहे, इथे जीव रमत नाही. डॉक्टर ऐकत होत्या, विन्सम तिच्या पाठीवर हात फिरवत होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "जा ना मग. जाणाऱ्या जातातच. मागे राहणाऱ्यांनी खोली आवरायची."

टशीकाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पहिल्यांदाच तिचा खरा चेहरा दिसला, पोरीचाच होता, लहानसा. डॉक्टर बॅसेट मला ओरडतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी फक्त विचारलं, "कोणाची खोली आवरलीस, इमारा?"

मी कोट घेतला आणि निघाले. चालत आले, दोन मैल.

२२ ऑक्टोबर, रविवार

मिस व्हर्लीनचा फोन. धडा सांगून झाल्यावर म्हणाल्या, "जेवतेस ना नीट? आणि झोपेत दात खायला लागलीस का परत?"

जबडा दुखतो हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. दात खाते हे तर फक्त त्या खोलीत झोपणाऱ्याला माहीत. देजानं कधीतरी पूर्वी आईला सांगितलं असेल आणि त्यांच्या लक्षात राहिलं. म्हाताऱ्या माणसांच्या काय लक्षात राहील सांगता येत नाही.

नाही म्हणाले. खोटं.

२५ ऑक्टोबर, बुधवार

काल गेले नाही. आज दुपारी दार वाजलं. टशीका उभी, हातात झाकलेला वाडगा.

"तुझ्या वाटणीची भाजी," म्हणाली. "डॉक्टरांनी नाही पाठवलं. माझी मी आलेय, आणि तुझ्यावर अजून चिडलेली आहे. आत घेतेस का?"

घेतलं. बसायला जागा कुठंय म्हणून ती देजाच्या खाटेवर बसायला गेली आणि मी म्हणाले, "तिथे नको." इतक्या जोरात की दोघीही दचकलो. ती गुपचूप जमिनीवर बसली. मीही बसले. एका चमच्यानं दोघींनी खाल्लं. मी माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे, पण ती खाट काय चर्च आहे का?

ती बराच वेळ बसली. जाताना म्हणाली, "मंगळवारी ये. तू नसलीस की दांडे काढायचं काम माझ्यावर पडतं."

३१ ऑक्टोबर, मंगळवार

बोलले.

कसं सुरू झालं आठवत नाही. पानं ओली होती, हात गार पडले होते. मी फेब्रुवारीतल्या त्या सकाळचं सांगितलं. देजा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. दोन दिवस वर्गात गेली नव्हती. मी बूट घालत होते. इमाराचं मारा ती लहानपणापासून करते. ती म्हणाली, "मारा, आज माझ्याच्यानं होत नाही गं. जरा बस माझ्याजवळ."

माझी नऊ वाजता परीक्षा होती. मी म्हणाले, "आपल्या आया पाण्यात उभ्या आहेत, देजा. ऊठ, तोंड धू." आणि दार ओढून गेले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ती उठली, तोंड धुतलं, वर्गात गेली. मला वाटलं, बघा, लागू पडलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी गेली.

कोणी मला म्हणालं नाही की तुझी चूक नव्हती. तसं म्हटलं असतं तर मी उठून गेले असते. डॉक्टर बॅसेट म्हणाल्या, "तुझ्याकडे जे होतं तेच तू तिला दिलंस. तुलाही तेवढंच मिळालेलं होतं."

मग मी सांगत गेले, सात महिने आवाज नाही, आई मात्र दर रविवारी फोन करते, शिकवलेलं सगळं विचारते. विन्समनं हातातलं पान खाली ठेवलं.

"तिची आई काय करते म्हणालीस?"

"मासे सोलते."

"आणि तिला आनुवंशिकी कशाला हवी?"

मी म्हटलं, त्यांना कौतुक आहे. सावकाश सांग म्हणतात, शब्द परत विचारतात. टशीका माझ्याकडे बघतच राहिली. "अगं बाई," ती अगदी हळू म्हणाली, "तुझा सगळा वर्ग कोणीतरी लिहून घेतंय."

छे, काहीतरीच. मिस व्हर्लीन आहेतच तशा चौकस.

त्या दिवशी 'दोघांकडून आलं तर' हे कोणी विचारलं होतं? मिस व्हर्लीन विचारण्याआधी गप्प झाल्या होत्या. आणि तो खोकला. देजाला कापूस निघाला की नेहमी खोकला येतो. पण तो तर सप्टेंबर होता. डेल्टात कापूस सप्टेंबरातच काढायला लागतात. मला हे माहीत आहे. मी तिथलीच आहे.

५ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून फोनकडे बघत बसले. आला. आज गुणसूत्रं कशी अदलाबदल करतात ते सांगितलं. पूर्वी कधी सांगितलं नव्हतं इतकं सावकाश, आकृती कशी काढायची त्यासकट. डावीकडे लांब रेघ, उजवीकडे लांब रेघ, मध्ये फुली. मिस व्हर्लीन मध्ये एकदाही बोलल्या नाहीत.

संपल्यावर मी म्हटलं, "मिस व्हर्लीन, तिला विचारा ना, थँक्सगिव्हिंगला मी घरी आले तर चालेल का?"

"कोणाला विचारू, बाळ?"

"जी खोकते तिला."

टीव्हीचा आवाज नव्हता. कधीच नव्हता बहुतेक. खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं, मग पावलं, मग काहीच नाही. मला वाटलं, गेली. मी घालवली पुन्हा. खूप वेळानं मिस व्हर्लीन म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज हसल्यासारखा की रडल्यासारखा ते मला समजलं नाही, "ती म्हणते, गाव तुझंही आहे, तुला कोण अडवणार."

हे वाक्य देजाचंच. असं टोचून बोलणं दुसऱ्या कोणाला जमत नाही. आठ महिन्यांनी मला तिचं एक वाक्य मिळालं. ते मी आज किती वेळा म्हणून पाहिलं ते लिहीत नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार

वसतिगृहाच्या कचेरीत जाऊन विचारून आले की जानेवारीत माझ्या खोलीत दुसरी मुलगी घेता येईल का, आणि ती आधी इथे शिकलेली असेल तर फॉर्म कोणता. कारकून बाई म्हणाली, तिनं स्वतः अर्ज करायचा. मी फॉर्म घेऊन ठेवला. नुसता असू दे.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

टशीकानं ठरवलं, मे महिन्यापर्यंत राहून बघणार. पुढचं पुढे. मी गावी जाणार हे सगळ्यांना सांगितलं. डॉक्टर बॅसेट यांनी विचारलं, "तिथे जाऊन काय व्हावं असं वाटतं?" भेट व्हावी, मी म्हटलं. "बस?" बस, मी म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि भाजीत मिरची टाकली.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार. घरी

काल जेवण. मम्मानं टर्की, मक्याच्या पावाच्या चुऱ्याचं भाजलेलं ड्रेसिंग, रताळ्याचं गोड, सगळं केलं. मला बघून म्हणाली, तिकडे काही खायला घालत नाहीत का? तिचे हात गेल्या वर्षीपेक्षा जास्त सुजलेत. मी विचारलं, दुखतात का गं? पूर्वी मी हे विचारत नव्हते. ती माझ्याकडे चमकून बघायला लागली, मग म्हणाली, दुखतात.

आज दुपारी देजा कामावरून सुटायच्या वेळी तिच्या घराच्या पायरीवर जाऊन बसले. ती निळ्या गणवेशात चालत आली. मी तिचं वाईट वाटून घ्यायच्या तयारीनं गेले होते. पण तिचा चेहरा भरलाय, केस छान वाढलेत. फाटकात थांबून तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय वाळलीस गं," म्हणाली आणि शेजारी बसली.

मला बोलायचं होतं ते सगळं पाठ करून आले होते. त्यातलं एकही वाक्य आठवेना. मीच मग वेड्यासारखं विचारलं, मला सांगून का नाही गेलीस?

"सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस."

"हो."

"आणि मी थांबले असते. तुझं ऐकायची सवयच आहे मला. पण थांबले असते ना मारा, तर त्या खाटेवरून उठलेच नसते." हे तिनं रस्त्याकडे बघत सांगितलं, कोणाचं तरी दुसऱ्याचंच सांगावं तसं. "फोन उचलायला हात पुढे जायचा. पण तू विचारशील, कधी येतेस. आणि मला नाही म्हणता येणार नाही."

आत जाऊन तिनं वह्या आणल्या. दोन. सगळे रविवार तिच्या गोल अक्षरात, आकृत्यांसकट. एका पानावर लाल खूण. "इथे तू चुकलीस," म्हणाली. "मी आईला खुणावत होते, पण आईला कसं कळणार?" दोघी हसलो. ती हसता हसता खोकायला लागली, मी पाठ चोळली, आणि मला वाटलं, झालं, आता सगळं जागेवर आलं. मी खिशातून फॉर्म काढला.

तिनं तो पूर्ण वाचला. पुन्हा घडी घालून माझ्या हातात दिला.

"मारा, नको."

जानेवारीपासून ती इकडच्याच छोट्या कॉलेजात जाणार आहे, गाडीनं चाळीस मिनिटं. सकाळी काम, दुपारी वर्ग, संध्याकाळी घर. रविवारचं तिनं त्यासाठीच लिहून घेतलं, मागे पडू नये म्हणून. "मला शिकायचंय," म्हणाली. "तिथे नाही. मला इथे झोप लागते."

मी म्हटलं, चांगलं आहे. खूप चांगलं आहे. मला खरंच आनंद झाला. तिला न्यायला मी इतक्या लांब आले होते हे मला तोवर माहीत नव्हतं.

२६ नोव्हेंबर, रविवार. बसमध्ये

देजा सोडायला आली होती. तिच्या वृद्धाश्रमातला एक आजोबा रोज तिला लग्नाचं विचारतो, त्याच्या गोष्टी सांगत होती. बस लागल्यावर म्हणाली, "पुढच्या रविवारी आईला शिकवू नकोस. मला शिकव." मी म्हटलं, फी पडेल. ती म्हणाली, लाल खुणा मी फुकट देते ना.

मिठी मारली. तिच्या मानेला अजून तोच वास, खोबऱ्याच्या तेलाचा आणि कसल्यातरी साबणाचा. बस निघाली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरले असते.

सगळं चांगलं झालं आहे. मेम्फिस मागे पडलं.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

बर्फ पडतंय. तरी सगळ्या आल्या होत्या. मी बसायच्या आधीच टशीकानं विचारलं, काय झालं?

सगळं सांगितलं. ती बरी आहे. तिच्या चेहऱ्यावर तेज आहे. जानेवारीत कॉलेज सुरू करतेय, माझ्यावर रागावलेली नाही, दर रविवारी बोलणार आहोत. मला फार बरं वाटलं. खरंच फार चांगलं झालं.

"ती बरी आहे हे तू चारदा सांगितलंस," विन्सम म्हणाली. "कळलं आम्हाला."

"मग?"

डॉक्टर बॅसेट यांनी सुरी खाली ठेवली, हात पुसले. "तुला काही लागतं का, इमारा?"

मी म्हणणार होते, काही नाही. तेच म्हणायला तोंड उघडलं. निघालं ते वेगळंच. "मला ती हवी आहे," मी म्हणाले. "इथे. रोज. सकाळी उठल्यावर समोर. मला माहीत आहे तिला तिथेच बरं आहे. मला तरी ती हवी आहे." लहानपणी शाळेत पडल्यावर रडले होते तशी रडले, नाकातोंडातून, आवाज करून, लाज सोडून.

होईल हळूहळू सवय, असं कोणी म्हणालं नाही. देव बघतोय असंही नाही. टशीकानं खुर्ची ओढून माझ्या एका बाजूला लावली, विन्समनं दुसऱ्या बाजूला. पहिल्या वर्षाच्या दोघींनी गॅस बारीक केला आणि त्याही येऊन बसल्या. डॉक्टर बॅसेट यांचा जड, उबदार हात माझ्या डोक्यावर होता. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

सात वाजता चर्चला कुलूप लावणारे म्हातारे डीकन किल्ल्या वाजवत दारात आले. आम्हाला बघून टोपी काढली आणि विचारलं, आटपलं का, बायांनो?

"नाही," डॉक्टर बॅसेट म्हणाल्या. "आमचं अजून व्हायचंय."

त्यांनी मान हलवली आणि बाहेर बर्फात जाऊन थांबले.